हुडहुडी थांबली तेव्हा

पाण्यातून जिवंत बाहेर काढलेला माणूस होडीत बसून, सगळ्यांशी बोलता बोलता मरायला लागतो, हे मला म्हातारपणी अमेरिकेत कळलं. तोवर माझी समज सरळ होती. माणूस पाण्यात आहे तोवर भीती. बाहेर आला की देवाला हात जोडायचे आणि चहा ठेवायचा.

मी रायगडकडच्या एका कोळीवाड्यातली. शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर डोक्यावर टोपली आली ती केस पिकेपर्यंत उतरली नाही. आमच्याकडे मासे मारणं पुरुषांचं आणि विकणं बायकांचं. त्यामुळे आयुष्यभर मासे हाताळूनही मासा पाण्यातून वर येताना कसा दिसतो, हे मी कधी पाहिलं नव्हतं. ते पाहिलं सुपिरियर सरोवरावर. इथे मिनेसोटात, बंदराच्या एका गावात माझा मुलगा इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करतो. नवरा गेल्यावर त्याने मला नातीला सांभाळायला आणलं. नात शाळेत जायला लागली आणि मी रिकामी झाले. रिकामं बसणं मला जमत नाही. मी धक्क्यावर फिरायला जायला लागले.

पहिला धक्का तिथेच बसला. एक उंच, लालबुंद म्हातारा टेबलावर मासे साफ करत होता. माझ्या हाताएवढे मासे. दोन्ही बाजूंचं मांस सपासप काढलं आणि उरलेला मासा मुंडक्यासकट डब्यात फेकला. मुंडकं फेकलं! अंड्यांची गाभोळी निघाली तीही फेकली. मी तशीच पुढे गेले आणि डब्यात हात घातला. म्हातारा बघतच राहिला. मला इंग्रजी तेव्हा येत नव्हतं, आताही कामापुरतंच येतं. मी मुंडकं दाखवलं, मग माझं तोंड दाखवलं. त्याने डबाच उचलून माझ्या हातात दिला.

तो आर्नी. त्याच्या होडीचं नाव त्याच्या आईवरून ‘इंग्रिड’. मी रोज मुंडकी न्यायला जायला लागले आणि एक दिवस त्याने सुरी माझ्यापुढे सरकवली. कसली परीक्षा आणि कसलं काय, मी नापास झाले. मी आपल्या सवयीने आडव्या तुकड्या पाडल्या, काट्यांसकट. गिऱ्हाईक तुकडी हातात धरून असं उभं राहिलं, जसं काही मी त्याला माणसाचं हाड दिलंय. इथल्या लोकांना मासा हवा, पण मासा कधी मासा होता याची आठवण नको. आर्नीने मला काटा सोडवून मांस काढायला शिकवलं. ती सुरी हाताला बसायला एक उन्हाळा गेला. पुढल्या वसंतात त्याचा मदतनीस काम सोडून गेला आणि मी होडीवर चढले.

हे काम काय असतं ते सांगते. ज्यांच्याकडे होडी नाही, अक्कल नाही, पण मासा धरायची हौस आहे, अशी माणसं आपली होडी सकाळपुरती भाड्याने घेतात. जास्तीत जास्त सहा जणं. कॅप्टन होडी चालवतो, मदतनीस बाकी सगळं करतो. गळ सोडायचे, गुंता सोडवायचा, मासा लागला की गिऱ्हाइकाच्या हातात गळाची काठी द्यायची, जाळं घेऊन उभं राहायचं, ओकणाऱ्याची पाठ धरायची. मासा आम्हीच शोधतो, आम्हीच गळाला लावतो. गिऱ्हाईक फक्त काठीचं चाक फिरवून दोरा गुंडाळतं आणि फोटोत हसतं. घरी जाऊन सांगतं, मी धरला.

वसंतात हे काम काठाजवळ चालतं. बर्फ नुकताच वितळलेला असतो. नद्यांच्या तोंडाशी पाणी जरासं ऊबदार असतं म्हणून बारकी मासळी तिथे येते आणि तिच्या मागे मोठे ट्राउट आणि सामन येतात. सामनला आपली सगळी मराठी मंडळी रावस म्हणतात. तो रावस नाही. मी सांगून थकले. तेव्हा मासा पाण्याच्या वरच्या थरात असतो, होडीच्या आवाजाने पळतो. म्हणून दोऱ्याला एक लाकडी फळी लावतात. पतंग वाऱ्यावर बाजूला ओढत जातो, तशी ती फळी पाण्यावर होडीपासून लांब बाजूला जाते आणि गळ तिच्या मागून जातो. होडी माणसाच्या चालीने चालवायची. गळाला आमिष काही नाही, रंगवलेला खोटा मासा. इतका मोठा मासा रंगाला फसतो, हे पाहून मी पहिल्या दिवशी तोंडात बोट घातलं होतं.

आणि ते सरोवर. पैलतीर दिसत नाही, लाटा येतात, जहाजं चालतात, पण ओंजळीत घेऊन तोंडाला लावा, गोड. मीठ नाही, वास नाही. मला ते पाणी कधी खरं वाटलं नाही. समुद्र आपल्याला वासाने सांगतो की मी इथे आहे. हे पाणी गप्प असतं.

गिऱ्हाईक म्हणाल तर तऱ्हेतऱ्हेचं. मी मराठी बोलते हे कुणी तरी पसरवलं आणि दोन-तीन तासांवरच्या ईडन प्रेरीहून मराठी मंडळी गाड्या भरून यायला लागली. नागपूरच्या एका बाईंच्या नवऱ्याने मासा ओढला. तो होडीच्या तळावर थडथड उडतोय, मी त्याच्या डोक्यात दांडका घालायच्या बेतात आहे, आणि बाई विचारतात, “मावशी, ताजा आहे ना?” दुसरा एक जण हातात काठी, काठीला सामन, आणि कानात फोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलत होता. “यस, आय ॲग्री,” म्हणाला आणि मासा सुटला.

सगळ्यांत भारी ते केळीवालं जोडपं. होडीवर केळं आणलं की मासा मिळत नाही, अशी इथल्या कॅप्टनांची पक्की समजूत. का, ते कुणालाच माहीत नाही. त्या दिवशी संकष्टी होती आणि हे दोघं उपासाचे म्हणून डझनभर केळी घेऊन आले. आर्नी धक्क्यावरच आडवा उभा राहिला.

“सर, इट्स फॉर फास्टिंग,” नवरा म्हणाला.

“मावशी, तुम्ही सांगा ना ह्यांना, देवाचं आहे,” बायको म्हणाली.

मी म्हटलं, “देवाचं असेल, पण होडी ह्याची आहे. आणि संकष्टीला मासे मारायला कशाला आलात?”

“आज नुसते पकडणार, मावशी. फ्रीझ करून उद्या खाणार.”

दोघांनी धक्क्यावर उभ्याने केळी संपवली. सालंसुद्धा आर्नीने लांबच्या डब्यात टाकायला लावली. दुपारपर्यंत एकही मासा लागला नाही. आर्नीचा चेहरा काळवंडत गेला. शेवटी मला बाईंच्या पर्समध्ये केळ्याचे वेफर्स दिसले.  पुरावा राहू नये म्हणून पिशवी मागून घेतली आणि सगळे खाऊन टाकले. मासा तरीही लागला नाही.

हे सगळं हसण्यासारखं. आता ज्यासाठी लिहायला बसले, ते सांगते.

मे महिना होता. ऊन असं की धक्क्यावर लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते. पाणी मात्र अजून बर्फाचंच. ईडन प्रेरीहून मोकाशी कुटुंब आलं. मुलगा समीर, सून केतकी, आणि पुण्याहून उन्हाळ्यासाठी आलेले समीरचे आईवडील. काका बँकेतून निवृत्त, सत्तरीच्या पुढचे पण ताठ. धक्क्यावर पाऊल ठेवल्यापासून एकच विषय. “मी रोज पहाटे तलावावर पोहतो, मावशी. डिसेंबरातसुद्धा. तरुण पोरं कुडकुडत काठावर उभी असतात आणि मी आत.”

काकू मासे खात नव्हत्या. नाकाला ओढणी लावून बर्फाच्या पेटीपासून लांब बसल्या होत्या. पर्समध्ये होडी लागू नये म्हणून सुंठसाखरेची डबी.

आर्नीचा नियम होता की मागच्या कठड्याकडे जाणाऱ्याने तरंगणारं जाकीट घालायचंच. आत बसलेल्याने काढलं तरी चालेल. काकांच्या अंगात काकूंनी विणलेला जाडजूड राखाडी स्वेटर होता. त्यावर जाकिटाचा पट्टा लागेना. लागला तर पोटाला काचायला लागला.

“स्वेटर काढा की,” मी म्हटलं.

“स्वेटर काढायचा नाही,” काकू लांबून म्हणाल्या. “सर्दी होते लगेच.”

“बघा,” काका म्हणाले, “हायकोर्टाचा हुकूम.” आणि जाकीट काढून बाकावर ठेवलं. मासा लागला तेव्हा मी ते पुन्हा त्यांच्या अंगात चढवलं. पट्टा लागला नाहीच. त्यांनी एक छान लेक ट्राउट ओढला, मी जाळ्यात घेतला, फोटो झाले. “समीर, पाठव लगेच ग्रुपवर! लिही, बाबांनी रावस मारला!” मग ते आत बाकावर जाऊन बसले आणि जाकीट परत उतरलं.

काकूंनी डबे उघडले. पोळ्या, बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं. काकांच्या हाताला माशाचा बुळबुळीत थर. केतकीने ओल्या कागदांची पुडी पुढे केली.

“बाबा, हे घ्या. वाइप्स.”

“त्या कागदानं हात पुसून मी पोळी खाऊ? एवढं पाणी समोर असताना?”

“बाबा, प्लीज.”

“अगं, हात धुणं म्हणजे हात धुणं.”

मी तेव्हा होडीच्या पुढच्या अंगाला त्यांचाच मासा बर्फात दाबत होते. ओरडणं ऐकू आलं नाही. पाण्यात पडल्याचा आवाजही फार नाही. ऐकू आला तो एक श्वास. ‘हा’ असा, कुणी तरी पाठीत बुक्की मारल्यासारखा. वळून पाहिलं तर मागे कठड्याशी कुणी नव्हतं. काका हात धुवायला वाकले ते थेट पाण्यात.

होडी चालत होती, म्हणून काका मागे मागे जात होते. आर्नीने यंत्र मोकळं सोडलं. त्याला सरळ मागे येता येत नव्हतं, कारण पाण्यात आमचेच दोरे पसरलेले. एक जरी पंख्यात गुंतला असता तर होडी तिथेच मेली असती. मी सुरी घेतली आणि एकेक दोरा कापत सुटले. फळ्या, गळ, सगळं सोडून दिलं. मग आर्नीने होडी लांबून वळसा घालून आणली आणि दोरी बांधलेलं गोल कडं फेकलं. अगदी काकांच्या हाताशी पडलं.

आणि त्या माणसाने ते धरलं नाही.

“अहो, कशाला? आलोच मी!” असं म्हणाले. हसले. मी शपथेवर सांगते, हसले. आणि होडीकडे हात मारायला लागले, तलावावर मारतात तसे.

“बाबा, रिंग पकडा!” समीर ओरडला. लगेच केतकीला म्हणाला, “इट्स ओके, ही इज अ स्विमर.”

चार-सहा हात मारले असतील. पुढचा हात वर आलाच नाही. काका दमले नव्हते, घाबरले नव्हते. हात उचलायचा असं ते ठरवत होते आणि हात उचलला जात नव्हता. ते स्वतःच्या खांद्याकडे बघत होते, दुसऱ्याचा खांदा असल्यासारखे. आर्नीने कडं पुन्हा टाकलं. ते त्यांच्या छातीला लागलं, आणि बोटं मिटेनात. मी जन्मभर पाण्याच्या काठाला राहिले. बुडताना हातपाय झाडणारी माणसं पाहिली आहेत. जागच्या जागी हात संपलेला पट्टीचा पोहणारा मी पाहिला नव्हता.

माशाचं जाळं लांब दांड्याचं असतं. मी ते त्यांच्या डोक्यावरून घालून एका काखेत अडकवलं आणि होडीच्या मागच्या शिडीपर्यंत ओढलं. आर्नीने आणि समीरने वर घेतलं.

बाहेर आले ते बसले. पाणी थुंकले. सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, “आजचा सगळ्यांत मोठा मासा.”

सगळे हसलो. मीही. केतकी रडत रडत हसत होती. समीरने तर फोनही बाहेर काढला. काकूंनी देवाला हात जोडले आणि लगेच कडाडल्या, “तरी सांगत होते, तरी सांगत होते!” माझ्या समजुतीप्रमाणे प्रकरण संपलं होतं. मी चहाच्या थर्मासकडे वळले.

आर्नी हसत नव्हता. त्याने किनाऱ्यावर वायरलेसवरून रुग्णवाहिका मागवली, होडी धक्क्याच्या दिशेने फिरवली आणि मागे वळून ओरडला, “झोपवा त्याला! उभं करू नका!”

काका थडथड कापत होते. दात असे वाजत होते की ऐकवत नव्हतं. काकूंनी पर्समधली सुंठसाखरेची डबी काढली, नवऱ्याचे मोजे ओढले आणि पूड तळपायांना चोळायला बसल्या. समीर दंड चोळायला लागला. काका म्हणाले, “मी दोन सूर्यनमस्कार घालतो, अंग तापेल,” आणि उठायला लागले.

“चोळू नका!” आर्नी असा ओरडला की मी तीन वर्षांत त्याचा तसा आवाज ऐकला नव्हता. “हातपाय चोळायचे नाहीत! मिसेस, थांबव त्यांना!” मला तो मिसेस म्हणायचा.

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. गारठलेल्याला चोळायचं नाही तर काय करायचं? आमच्याकडे कुणी गारठून आला तर सगळा वाडा चोळायला बसतो. माझा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. पण होडीवर कॅप्टन सांगतो ते करायचं, मग भांडायचं. मी काकांना खांदे धरून आडवं केलं आणि काकूंचे हात पकडले.

“वहिनी, सोडा. तो सांगतो चोळू नका.”

“माझ्या नवऱ्याला मी हात लावायचा नाही? तुम्ही कोण मला सांगणार? मासे कापा तुमचे!”

“मासेच कापते मी. पण हात सोडा.”

त्यांनी मला ढकललं. मी त्यांना ढकललं. दोन म्हाताऱ्या बायका होडीच्या ओल्या तळावर झोंबत होत्या. शेवटी केतकीने आर्नीला इंग्रजीत विचारलं आणि मोठ्याने मराठीत सांगितलं, “आई, थांबा. त्यांच्या हातापायांतलं रक्त बर्फासारखं थंड झालंय. चोळलं की ते एकदम हार्टकडे जातं. उभं केलं तरी तेच. हार्ट बंद पडू शकतं.”

काकूंचे हात जागीच राहिले. सुंठ बोटांना चिकटलेली.

आणि तेवढ्यात काकांचं कापणं थांबलं. दातांचा आवाज बंद झाला. चेहरा शांत झाला.

“आला बाई आराम,” काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या. मलाही हायसं वाटलं. समीर म्हणाला, “सी? ही इज फाइन.”

आर्नीने मागे वळून पाहिलं. त्याचा लालबुंद चेहरा क्षणात पिठासारखा झाला. तो चेहरा पाहून मला कळलं की आपण सगळे उलटं समजत होतो.

काका काकूंकडे बघून म्हणाले, “अगं, माझी सायकल कुठे लावलीस?”

“कसली सायकल? थट्टा पुरे झाली,” काकू म्हणाल्या.

“तलावाच्या दाराशी लावली होती. कुलूप नव्हतं लावलं.” जीभ जड, दारू प्यायल्यासारखी. “बघ ना जाऊन.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या थट्टा समजून हसत होत्या, ते हसू तोंडावर तसंच राहून गेलं होतं.

आर्नीने ओरडून सांगितलं आणि केतकी एकेक वाक्य मराठीत आणत गेली. शरीर दमलं की कापणंही सोडून देतं. त्याला आता स्वतःची ऊब करता येत नाही. ओले कपडे काढा, हलवाहलव न करता. कोरडं पांघरूण घाला. ऊब द्यायची ती छातीला, काखांना. हातापायांना नाही. तोंडात काही घालू नका.

मी सुरी घेतली. काकांना तेवढं मात्र कळलं.

“सुनेसमोर कपडे काढू?”

“केतकी, तिकडे बघ,” मी म्हटलं आणि स्वेटर पोटापासून गळ्यापर्यंत चिरला. बाह्याही चिरल्या. काकूंच्या तोंडून एक आवाज निघाला. पाण्याने तो स्वेटर गोणीसारखा जड झाला होता. आतलं सगळं चिरलं. टॉवेलने अंग टिपलं, चोळलं नाही. आर्नीच्या केबिनमध्ये झोपायची जाड पिशवी होती, तिच्यात त्यांना घातलं.

“आता एक जण आत जा त्याच्याबरोबर,” आर्नी म्हणाला. “अंगाला अंग लावून. उघड्या अंगाने. आत्ता.”

केतकीने हे सासूला कसं सांगावं, ते तिला सुचेना. मी सांगितलं.

काकू म्हणाल्या, “शी. काहीतरीच काय?”

“वहिनी, आत शिरा.”

“सगळ्यांसमोर? मुलगा आहे, सून आहे, तो गोरा माणूस आहे. आम्ही कधी रस्त्यात हात धरला नाही एकमेकांचा.”

काका पिशवीतून म्हणाले, “सायकल नेली कुणी तरी.” डोळे मिटायला लागले होते.

मी काकूंना म्हटलं, “तुम्ही शिरत नाही तर मी शिरते.” आणि माझ्या कोटाची चेन खाली ओढली.

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता ही मला पाण्यात लोटणार. मग म्हणाल्या, “धरा ते पांघरूण आडवं.” समीरने आणि केतकीने माना फिरवून पांघरूण धरलं. काकू आत शिरल्या. आतून किंचाळल्या. “अहो, केवढे गार! अरे देवा, दगड आहे हा!”

मी पिशवीची चेन वर ओढली, वरून सगळी पांघरुणं घातली. थर्मासमधला चहा पाण्याच्या बाटल्यांत ओतून त्या फडक्यात गुंडाळून आत सरकवल्या.

धक्का दिसायला लागला तरी जवळ येत नव्हता. पिशवीतून काकूंचा आवाज येत होता. बाई रडत नव्हती. नवऱ्याला झोप लागू नये म्हणून भांडत होती. “मोठे पोहणारे! कागदानं हात पुसले असते तर झिजले असते? बोला ना! सायकल होती तलावाशी, मग मला कुठे ठेवलंत? बोला! तुमच्या आईनं एवढं सोवळं शिकवलं, आता बघा कसं सोवळं मोडलंय सगळ्यांसमोर. बोला हो!”

काका बोलत नव्हते. आर्नी दर क्षणाला मागे बघत होता. मी काकांच्या नाकाशी पालथा हात धरून बसले. श्वास येत होता. फार अंतराने येत होता. मध्ये एकदा आलाच नाही. मी वाट पाहिली. समीर माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे बघत नव्हते. मग आला.

मग पिशवी हलली. आधी वाटलं लाट लागली. पुन्हा हलली.

“कापताहेत!” काकू आतून ओरडल्या. “अहो, पुन्हा कापायला लागले! केतकी, सांग त्याला, कापताहेत!”

केतकीने सांगायची गरज पडली नाही. आर्नीने मूठ आवळून सुकाणूच्या चाकावर मारली आणि असा ओरडला की पाण्यावरचे बगळ्यासारखे पांढरे पक्षी उडाले. हुडहुडी थांबली तेव्हा आम्ही देवाचे आभार मानले होते, आणि हुडहुडी परत आली तेव्हा मी आर्नीकडे बघून हात जोडले. 

धक्क्यावर रुग्णवाहिका उभी होती. काका वाचले. इस्पितळातल्या लोकांनी सांगितलं की शिडीवरून बाहेर आल्यावर कित्येक जण तिथेच जातात. हसत असतात आणि जातात. हे ऐकून मी त्या रात्री जेवले नाही. मी तर चहा ओतायला निघाले होते. आर्नी गप्प बसला असता, तर मीच काकूंच्या शेजारी बसून दुसरा पाय चोळला असता.

दुसऱ्या दिवशी केतकीचा फोन आला. मला वाटलं, आभार मानतील. काकूंनी फोन हातात घेतला.

“तो स्वेटर कुठाय?”

“कचऱ्यात टाकायचा राहिलाय.”

“टाकू नका. विचारल्याशिवाय कापलात तो कापलात. धुऊन पाठवून द्या.”

मी पाठवला. मासाही पाठवला, काटा काढून.

पुढल्या वसंतात ते चौघं परत आले. मला खरं वाटेना. ज्या पाण्याने गिळलं होतं, त्याच पाण्यावर पुन्हा पैसे देऊन कोण येतं? काकू सगळ्यांत पुढे होत्या. त्यांनी नवऱ्याला माझ्यासमोर उभं केलं. अंगात बिनबाह्यांचा, अंगाबरोबर बसणारा स्वेटर होता. मागून तोच राखाडी, कारण पाठ माझ्या सुरीतून वाचली होती. पुढून मात्र भडक नारिंगी.

“लावा पट्टा,” काकू मला म्हणाल्या.

मी जाकीट चढवलं आणि पट्टा लावला. खट्‌कन बसला.

“नारिंगी कशाला?” मी विचारलं.

“पुन्हा पडले तर दिसतील तरी.”

काका दिवसभर बाकावरून उठले नाहीत. एक सामन ओढला, तोही बसून. पोहण्याचं नाव काढलं नाही. जेवायची वेळ झाली तेव्हा त्यांनी हात पुढे केले. केतकीने कागदांची पुडी हातातच धरली. आर्नीने चाकावरून मान वळवली.

काकूंनी पिशवीतून स्टीलचा तांब्या काढला. घरून आणलेला. थर्मासमधलं कोमट पाणी त्यात ओतलं, माझी माशांची बादली पायाने पुढे ओढली आणि नवऱ्याच्या हातांवर धार धरली. दुसऱ्या हाताने त्यांच्या जाकिटाचा पट्टा घट्ट पकडला होता.

“नीट चोळा,” त्या म्हणाल्या. “आता चोळायला हरकत नाही.”